बी.एड.चा अर्ज आणि माझा अर्धा सल्ला



बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग घरात पाहुणे, मग संक्रांत. आज लिहायला बसले त्याला कारणही संक्रांतीचंच आहे.

सणाला लेक, जावई आणि नात नगरला आले होते. (२०२४ पासून अहिल्यानगर म्हणायचं खरं, पण पंच्याहत्तरीतली जीभ वळायला वेळ लागतो. सांभाळून घ्या.) तिळगूळ देऊन झाला आणि नात लॅपटॉप घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली. "आजी, बी.एड.च्या सीईटीचा फॉर्म भरतेय. काही चुकतंय का बघ ना."

नात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गणित घेऊन. मला वाटलं, आता कौतुक होणार. पण जावई खुर्ची सरकवून म्हणाले, "आई, आता तुम्हीच समजवा हिला. गणितात एवढे चांगले मार्क आहेत. कॉम्प्युटरचं काही शिकली तर कुठल्या कुठे जाईल. बी.एड. करून पोरं दहा-दहा वर्षं घरी बसलीयत." लेक स्वयंपाकघरातून ओरडली, "माझ्या आईनं पस्तीस वर्षं तेच केलं की! काय वाईट झालं?"

आणि तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

पस्तीस वर्षं खडू धरलेल्या बाईनं काय म्हणावं अशी अपेक्षा असते ते मला कळतं. वीस वर्षांपूर्वी मी ते म्हटलंही असतं, अगदी छाती पुढे काढून. या वेळी मात्र मी म्हटलं, "आधी जेवून घ्या, पोळ्या गार होतायत." नातीचं तोंड उतरलं. आजीनं बाजू घेतली नाही याचं तिला वाईट वाटलं असणार. मी गप्प का बसले ते तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून हा लेख. तिनं वाचावा, आणि ज्यांच्या घरात असा अर्ज भरला जातोय त्यांनीही वाचावा.

आधी माझ्या अर्जाची गोष्ट सांगते.

माझं बी.ए. १९७३ साली झालं, सगळं मराठी माध्यमातून. १९७२ च्या दुष्काळानं जिल्हा पार पोळून निघालेला. वडील शेवगावला शिंपीकाम करायचे. लोकांना खायची भ्रांत, नवीन कपडे कोण शिवणार? मशीन कोपऱ्यात आणि वडील ओट्यावर, असे दिवस. पुण्याच्या एका अध्यापक महाविद्यालयाला पोस्टल ऑर्डर आणि स्वतःचा पत्ता घातलेला लिफाफा पाठवून मी अर्ज मागवला. गुणपत्रिकांच्या खऱ्या नकला जोडायच्या होत्या. आजच्या मुलांना सांगायला हवं, तेव्हा आमच्याकडे झेरॉक्स नव्हतं. नकला हातानं लिहायच्या आणि राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का घ्यायचा. आमच्या ओळखीत असे अधिकारी म्हणजे एक जनावरांचे डॉक्टर. ते जनावरांच्या छावणीवर. धाकट्या भावाला घेऊन मी तिथं गेले. त्यांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सह्या केल्या आणि म्हणाले, "शिक्षक हो, बाई. जनावरांपेक्षा माणसं बरी, निदान बोलून दाखवतात." पुढं आठवीच्या वर्गावर उभी राहिल्यावर मला त्यांचं म्हणणं तितकंसं पटलं नाही, पण ते असो.

मुलाखतीला प्राचार्यांनी मार्क विचारले नाहीत, ते कागदावर होतेच. म्हणाले, "समोर पाचवीचा वर्ग आहे असं समजा आणि एक गोष्ट सांगा." घाबरून मला चिमणी-कावळ्याचीच आठवली. ते हसले. "पाचवीची मुलं झोपतील की हो!" पण घेतलं मला. मावशीकडे सदाशिव पेठेत राहून एक वर्ष काढलं. तेव्हा बी.एड. एकाच वर्षाचं होतं. हर्बार्टची पंचपदी पाठ केली, पाठटिपणाच्या वह्या भरल्या, गुंडाळी फळा काखेत मारून पावसात शाळाशाळांतून सरावपाठ घेतले. माझ्या पहिल्याच पाठावर निरीक्षकांनी लाल शाईनं शेरा मारला होता, "शेवटच्या दोन बाकांवरच्या मुलांनी तासभर तुमच्याकडे पाहिलेले नाही. तुम्हीही त्यांच्याकडे पाहिलेले नाही." ती वही मी निवृत्तीपर्यंत जपून ठेवली होती.

निकाल लागला आणि माझ्यासमोर दोन ठिकाणची बोलावणी. एक पाथर्डी तालुक्यातलं, ते घेतलं. पगार तीनशेच्या घरात. वडिलांनी पहिल्या पगाराचं पाकीट देवापुढे ठेवलं.

सांगायचा मुद्दा हा की, आमच्या पिढीला बी.एड. आणि नोकरी ही जुळी भावंडं वाटली. एक आलं की मागोमाग दुसरं येणारच. शिकवायला शिकणं ही एक गोष्ट आणि शिकवायची नोकरी मिळणं ही दुसरी, हे आम्हाला कधी वेगळं करून बघावंच लागलं नाही. आणि जे आपण कधी वेगळं करून बघितलं नाही, ते दुसऱ्याला सल्ला देतानाही वेगळं करून सांगत नाही.

इथंच माझी चूक झाली.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची गावं ज्यांना माहीत आहेत त्यांना सांगायला नको. दिवाळी जवळ आली की गावं रिकामी होतात. ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि कारखाना नेईल त्या फडात पाच-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. पोरं बरोबर जातात नाहीतर म्हाताऱ्यांपाशी राहतात. जूनमध्ये पंचावन्नचा पट असलेल्या वर्गात डिसेंबरात तीस डोकी उरायची. यावर साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, काहींचं भलं झालं. तरी पोर वर्गातून उठून फडात गेलं की पुन्हा वर्गात येईलच याचा भरवसा नसायचा.

अशा घरातला माझा एक विद्यार्थी. नाव सांगत नाही. म्हाताऱ्या आजीपाशी राहून शिकला. मराठी असं वाचायचा की वर्ग गप्प बसून ऐकायचा. बारावी झाली, बी.ए. झालं. २०१० साली बापाला घेऊन माझ्याकडे आला. मी नुकतीच निवृत्त झालेली. "बाई, पुढं काय करू?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "बी.एड. कर. तू शिक्षक म्हणूनच जन्माला आलायस."

बापानं मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली. त्या उचलीवर पोरगा बी.एड. झाला, चांगल्या मार्कांनी.

आणि मग काय झालं ते पेपर वाचणाऱ्यांना आठवत असेल. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली. तीन दिवसांत शाळाशाळांतून डोकी मोजली गेली आणि कागदावरची कितीतरी मुलं जागेवर सापडलीच नाहीत. पटच खोटा म्हटल्यावर त्या पटावरचे शिक्षक जास्तीचे ठरले. पाठोपाठ मे २०१२ मध्ये शासनानं खासगी शाळांतल्या शिक्षक भरतीवर बंदी घातली. ज्यांनी पट फुगवले ते आपापल्या जागी राहिले. दार मात्र बंद झालं ते नुकतं बी.एड. होऊन बाहेर पडलेल्या पोरांसाठी.

त्याच्या आधीच शिक्षणहक्क कायदा लागू झालेला (१ एप्रिल २०१०). आठवीपर्यंत शिकवायचं तर शिक्षक पात्रता परीक्षा हवी असं ठरलं. आपल्याकडे पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. माझा विद्यार्थी पहिल्या वेळी थोडक्यात राहिला, नंतर पास झाला. मग डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी आली, टेट. एक टीईटी आणि एक टेट, आमच्यासारख्यांना नावंसुद्धा नीट सांगता येत नाहीत. त्या चाचणीच्या गुणांवर पवित्र पोर्टलवरून भरती. ही व्यवस्था आली ते चांगलंच झालं, कारण त्याआधी संस्थेत चिकटायचं तर किती लाख मोजावे लागतात याची चर्चा चहाच्या टपरीवर उघड चालायची. पण टेट झाली आणि पुढची टेट व्हायला २०२३ साल उजाडलं. पाच वर्षं! पाच वर्षांत माणसाचं लग्न होतं, मुलं होतात, वय निघून जातं.

या मधल्या काळात तो एका विनाअनुदानित शाळेत सहा वर्षं शिकवत होता. आज ना उद्या अनुदान येईल, वीस टक्के येईल, मग चाळीस येईल, या आशेवर. हातात पडायचा तो नुसता प्रवासखर्च. बापानं उचल फेडायला आणखी तीन हंगाम ऊस तोडला. पाठीचा काटा ढिला झाला त्याचा.

आता तो मुलगा पस्तिशी ओलांडून गेलाय. गावात दूध संकलन केंद्र चालवतो आणि संध्याकाळी दहावीच्या मुलांचे क्लास घेतो. गेल्या दिवाळीला फराळाचा डबा घेऊन आला होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, मी तुला चुकीचा सल्ला दिला रे."

तो लगेच काही बोलला नाही. मग म्हणाला, "चुकीचा नव्हता, बाई. अर्धा होता. मला शिकवायला येतं, ते तिथंच आलं. पण नोकरीचं तुम्ही जे सांगितलं ते तुमच्या काळातलं होतं."

मंडळी, त्याच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. म्हणून संक्रांतीला मी पोळ्यांचं निमित्त केलं.

आता आजचा अर्ज कसा आहे ते बघू. नातीनं मला सगळं दाखवलं, मी वहीत लिहून घेतलं. जुनी सवय. परीक्षा कॉम्प्युटरवर, दीड तासात शंभर प्रश्न. त्यात मानसिक क्षमता चाळीस, सामान्य ज्ञान तीस आणि शिक्षकाची अभियोग्यता तीस. पर्यायांवर टिचकी मारायची. चिमणी-कावळ्याची गोष्ट कोणी सांगायला लावत नाही. नंतर प्रवेशाच्या फेऱ्या, कॉलेजांचे पसंतीक्रम, जातीच्या दाखल्याची वैधता, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास. लाखांनी अर्ज येतात तेव्हा असंच करावं लागणार, वशिल्यापेक्षा शंभर पटीनं बरं. माझी तक्रार नाही.

अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. त्यात वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. हे मला फार आवडलं. आमच्या वेळी मोजके पाठ घेतले की झालो शिक्षक. सोळा आठवडे एका शाळेत राहिलं तर शेवटच्या बाकावरची मुलं दिसायला लागतात.

पण त्याच वेळी आणखी काही गोष्टी आहेत, त्या अर्जात कुठं लिहिलेल्या नसतात. बी.एड. झालं म्हणजे कुठल्याही वर्गाला शिकवता येईल असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही. तिथं डी.एल.एड. म्हणजे आपलं जुनं डी.एड. लागतं. लहान मुलांना शिकवायचं शास्त्र वेगळं आहे, हे कोर्टाला सांगावं लागलं. सहावी ते आठवीसाठी टीईटी लागते. भरतीसाठी टेट लागतेच. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या निकालानं, नोकरीत असलेल्या पण निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलंय. वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माझ्या जुन्या सहकारी बायका चष्मा लावून बालमानसशास्त्राचे प्रश्नसंच सोडवतायत. वर्गात ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना आता "मूल म्हणजे काय" याचे चार पर्याय वाचावे लागतायत.

आणि भरती? २०२३ ची टेट दोन लाखांहून जास्त मुलांनी दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये शिफारस झाली ती अकरा हजारांच्या आसपास. गणिताची मुलगी आहे ना आपली, तिला भागाकार मी शिकवायला नको. निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून. प्राथमिकला महिना सोळा हजार आणि माध्यमिकला अठरा हजार मानधन. तेसुद्धा २०२३ पासून, त्याआधी सहा आणि आठ हजार होतं. आठ हजारांत घरभाडं, गाडीचं पेट्रोल आणि आई-बापाला पैसे पाठवणं कसं जमवलं असेल पोरांनी, देव जाणे.

म्हणजे जावई म्हणतात ते बरोबर? इथं मी थोडं मागं जाते, दीडशेहून जास्त वर्षं मागं. नगरच्या माणसाला ही आठवण यायलाच हवी.

सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन मिशनच्या बाई १८२७ मध्ये मुंबईला आल्या आणि १८३९ पासून नगरला राहिल्या. १८६२ मध्ये त्यांचा अंत झाला तोही नगरलाच. इथं त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा बघितली आणि पुण्यात मुलींची शाळा काढायचं त्यांच्या मनानं घेतलं. सावित्रीबाईंच्या चरित्रांत येतं की त्यांनी अध्यापनाचं शिक्षण नगरला या फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतलं. म्हणजे ज्यांचं नाव २०१४ पासून पुणे विद्यापीठाला आहे, ज्या विद्यापीठाच्या बी.एड.ची पदवी आपल्या जिल्ह्यातली मुलं घेतात, त्या बाई स्वतः शिकवायला कसं हे शिकायला आमच्या नगरला आल्या होत्या.

तेव्हा त्यांच्यापुढं कुठली जाहिरात होती? कुठलं पोर्टल होतं? नोकरीचं सोडा, आपल्या माणसांनी काढलेली मुलींची शाळाच नव्हती. १८४८ मध्ये भिडे वाड्यात ती त्यांनी काढली. शिकवायला शिकणं आधी झालं, शाळा नंतर झाली.

हे वाचून कोणी म्हणेल, बाई, मग ऊसतोड्याच्या पोरानंही तसंच करायचं का? नाही हो. उचल घेऊन शिकलेल्या पोराला सावित्रीबाईंचं उदाहरण देऊन गप्प बसवणं हा मोठा अन्याय आहे. शिक्षकदिनाच्या भाषणांत तो दरवर्षी होतो. मला एवढंच म्हणायचंय की शिकवायला शिकणं या गोष्टीला स्वतःचं मोल आहे. नोकरीनं ते वाढत नाही आणि नोकरी न मिळाल्यानं बुडत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या क्लासमधली मुलं विचारा. पण त्या मोलावर घर चालत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि अर्ज भरणाऱ्या मुलाला दोन्ही सांगितल्या पाहिजेत. मी एकच सांगितली. जावई दुसरी एकच सांगतायत.

तेव्हा माझं मत असं.

बी.एड.चा अर्ज जरूर भरावा, पण तो नोकरीच्या रांगेतला नंबर समजून भरू नये. घरात बसून विचारावं, समजा पाच वर्षं भरती झालीच नाही तर या दोन वर्षांचं मी काय करीन? याचं काहीतरी उत्तर असेल तर भरावा. क्लास काढीन, खासगी शाळेत जाईन, मुलांसाठी पुस्तकं लिहीन, एम.एस्सी. करून कॉलेजकडे वळेन, काहीही. "होईल भरती" एवढंच उत्तर असेल तर थांबावं. आणि कर्ज काढून तर मुळीच भरू नये. हे वाक्य मी २०१० साली म्हटलं असतं तर एका माणसाची पाठ वाचली असती.

दुसरं, अर्ज भरण्याआधी दहा-पंधरा दिवस एखाद्या शाळेत जाऊन बसावं. आपल्या ओळखीची, साधी, जिल्हा परिषदेची किंवा रयतसारख्या संस्थेची. मुख्याध्यापकांना विचारून मागच्या बाकावर बसावं, एखादा तास घेऊन बघावा. मुलांचा गोंगाट, वास, खोड्या, तेच ते शंभर वेळा सांगणं, हे ज्याला सोसतं त्यानं पुढं जावं. ज्याला चौथ्या दिवशी डोकं दुखायला लागतं त्यानं मानानं परत फिरावं. त्यात कमीपणा काही नाही. न सोसणाऱ्या माणसानं शिक्षक होण्यानं मुलांचं नुकसान होतं आणि त्याचंही.

तिसरं, कॉलेज बघून घ्यावं. जिथं "यायची गरज नाही, परीक्षेला या" असं हळूच सांगतात तिथं पाऊल ठेवू नये. अशी कॉलेजं आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. मागच्या वर्षीच्या मुलांना गाठून विचारावं, तुमचे पाठ कोणी मागं बसून बघितले का? शेरे लिहिले का? नसतील तर दोन वर्षं आणि फी देऊन आपण फक्त कागद विकत घेतो आहोत.

आणि शासनालाही दोन शब्द, ते वाचत नसले तरी. दर वर्षी किती शिक्षक निवृत्त होतात हे सरकारला आधीपासून माहीत असतं, जन्मतारखा दप्तरात आहेत. मग दर वर्षी ठरल्या महिन्यात चाचणी आणि ठरल्या महिन्यात भरती का होऊ नये? थोडीच करा पण दर वर्षी करा. दहावीची परीक्षा कधी पाच वर्षं थांबली का? शिवाय कॉलेजांच्या जागा आणि लागणारे शिक्षक यांचा मेळ घाला. गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली आणि मग ओस पडली हे आपण २००० नंतरच्या वीस वर्षांत बघितलंय. आता बारावीनंतर चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम येतोय. नवीन धोरणाप्रमाणे २०३० पर्यंत तोच मुख्य रस्ता व्हायचाय. चांगलं आहे. पण अठराव्या वर्षी चार वर्षं लिहून देणाऱ्या पोराला पलीकडचं दारही दाखवा.

असो. फार लांबलं. नातीचं काय झालं ते सांगून थांबते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला माझ्या विद्यार्थ्याची सगळी गोष्ट सांगितली, उचलीसकट. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग तुझं मत नाही असंच ना?" म्हटलं, "माझं मत फॉर्म भरण्याआधी दहा दिवस शाळेत जाण्याचं आहे." तिला सुट्टी होती. जवळच्या गावातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्या विद्यार्थिनी, त्यांना फोन केला. जावयांनी हरकत घेतली नाही. त्यांना वाटलं असावं की तिसऱ्या दिवशी कंटाळून येईल.

तिसऱ्या दिवशी ती आली ती चिडूनच. सहावीतल्या एका मुलीला अपूर्णांकांची बेरीज तीन वेळा सांगितली, तरी ती छेदांचीच बेरीज करत होती. "आजी, एवढं सोपं कसं कळत नाही गं?" मी काही बोलले नाही, भाजी निवडत राहिले. रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीत दिवा होता. सकाळी बघते तर पुठ्ठ्याच्या भाकऱ्या कापून ठेवलेल्या, अर्धी, पाव, अष्टमांश. म्हणाली, "तिच्या आईच्या भाकरीवरून समजेल बहुतेक."

समजलं की नाही ते मी विचारलं नाही. दहाव्या दिवशी तिनं अर्ज भरला. शेजारी बसून जावयांनी फोटो आणि सही मापात बसवून दिली. त्यांच्यात ठरलंय की सीईटीबरोबर एम.एस्सी.चाही अर्ज करायचा आणि दोन्हीकडचा निकाल बघून मग निर्णय घ्यायचा. फी जावई भरणार, कर्ज काढायचं नाही. मला तडजोड पटली.

आणि हो, माझ्या त्या विद्यार्थ्याला फोन करून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तिला एकदा माझ्या क्लासवर पाठवा. अपूर्णांकांना माझ्याकडे दुधाची मापं आहेत."

उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठवणार आहे.

तुमच्या घरात कोणी असा अर्ज भरत असेल, किंवा भरून वाट बघून थकलेलं कोणी असेल, तर तुमचा अनुभव जरूर कळवा. माझा सल्ला अजूनही अर्धाच असण्याची शक्यता आहे.